दार वाजते तेव्हा : हॅलोविनच्या रात्रीचे चार भयपट

भयपटांवर लेख लिहिणार आहे असे मी वर्गातील एका मित्राला सांगितले, तेव्हा तो हसला. "वार्षिकात लोक ज्ञानेश्वरीवर लिहितात, ग्रामीण कथेवर लिहितात, आणि तू भुतांवर लिहिणार?" असे त्याने विचारले. त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. भयपट म्हटला की किंचाळ्या, लाल रंग आणि धुराचे लोट एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. सुशिक्षित माणसाने पाहावे असे त्यात काही नसते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझीही तीच होती. परंतु गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस मी व माझ्या खोलीतील सोबत्याने ओळीने चार रात्री चार भयपट पाहिले आणि माझे मत बदलले. रात्री दहानंतर दिवा बंद करायचा ही आमच्या घरमालकांची अट असल्यामुळे अंधार आम्हाला आयताच मिळाला होता. पडदा होता तो मोबाइलचा, आणि आवाज ऐकायला एकाच इअरफोनची दोन टोके, एक त्याच्या कानात व एक माझ्या.

या चारही चित्रपटांत मला एक समान गोष्ट आढळली, ती म्हणजे दार. दार वाजते, आतला माणूस ते उघडतो किंवा उघडत नाही. सारी भीती त्या दोन क्षणांच्या मध्ये असते. हा विचार मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम त्या सणाविषयी थोडेसे. हॅलोविन ३१ ऑक्टोबरला येतो. आयर्लंड व स्कॉटलंडमधील केल्टिक लोकांचा 'साविन' नावाचा जुना सण हे त्याचे मूळ मानले जाते. सुगी संपून हिवाळा सुरू होण्याचा हा काळ. या रात्री जिवंत व मृत यांच्यामधील पडदा विरळ होतो, अशी त्या लोकांची श्रद्धा होती. पुढे ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरला. गोव्यातील आणि वसईतील ख्रिस्ती बांधव २ नोव्हेंबरला आप्तांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात, तोच हा दिवस. संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ म्हणून 'हॅलोविन' हे नाव पडले. या दिवसांत इंग्लंडमधील गोरगरीब दारोदार जात, त्या घरातील मृतांसाठी प्रार्थना म्हणत आणि मोबदल्यात लहानशी गोड भाकरी घेत. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजले, मोठा दुष्काळ पडला आणि लाखो आयरिश लोक अमेरिकेला गेले. त्यांच्याबरोबर हा सणही गेला. मायदेशी ते सलगम कोरून त्यात दिवा लावीत. अमेरिकेत भोपळा मुबलक, म्हणून दिवा भोपळ्यात गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील मुले सर्रास वेषांतर करून घरोघर फिरू लागली. खाऊ द्या, नाही तर खोडी काढतो, अशी त्यांची गमतीची धमकी असते.

म्हणजे हा सण मुळात दाराचा आहे. एक रात्र अशी की, कोणीही यावे, दार वाजवावे, आणि आतल्या माणसाने ते उघडावे. आपल्याकडे पहाटे वासुदेव दाराशी येतो तेव्हा माझी आजी सुपात धान्य घेऊन बाहेर जाई, त्याची मला आठवण झाली. मात्र हीच आजी आम्हाला असेही बजावीत असे की, रात्री कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला 'ओ' देऊ नये. भूत एकदाच हाक मारते, माणूस पुन्हा मारतो. दार उघडावे की न उघडावे, हा प्रश्न सर्वत्र जुनाच आहे.

पहिल्या रात्री आम्ही 'द हॉन्टिंग' पाहिला. शर्ली जॅक्सन यांच्या १९५९ सालच्या कादंबरीवरून रॉबर्ट वाइज यांनी तो १९६३ मध्ये काढला. रंगीत चित्रपटाचा काळ असूनही तो कृष्णधवल आहे. 'हिल हाउस' नावाच्या वाड्यात चार माणसे भुताचा शोध घेण्यासाठी राहतात. भूत शेवटपर्यंत दिसत नाही. रात्री भिंतींवर व दारांवर प्रचंड धडका बसतात आणि एका प्रसंगी बंद दार आतल्या बाजूस फुगते, एवढेच. लवचिक लाकडाचे दार करून पलीकडून माणूस ते रेटत होता, अशी त्यातली युक्ती. परंतु ते दृश्य पाहताना माझ्या सोबत्याने माझा हात घट्ट धरला होता, हे येथे नमूद करतो.

यातील खरे भय मात्र दारापलीकडे नाही, एलिनॉरच्या मनात आहे. ज्यूली हॅरिस या अभिनेत्रीने तिची भूमिका केली आहे. एलिनॉरने कित्येक वर्षे आजारी आईची शुश्रूषा केली. आईला काही हवे असले की ती भिंतीवर ठोठावीत असे. ज्या रात्री आई गेली त्या रात्रीही तिने ठोठावले होते, आणि एलिनॉर गेली नव्हती. म्हणून हिल हाउसमध्ये पहिल्यांदा आवाज होतो तेव्हा अर्धवट झोपेत ती आईलाच उत्तर देते. आपण ज्या हाकेला 'ओ' दिली नाही तीच हाक जन्मभर ऐकू येत राहते, असे हा चित्रपट सांगतो. याहून भयंकर भूत कोणते असेल?

दुसऱ्या रात्रीचा चित्रपट 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. जॉर्ज रोमेरो या पिट्सबर्गमधील तरुणाने मित्रांच्या मदतीने, सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये तो तयार केला व तो १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला. वितरणाच्या वेळी चित्रपटाचे नाव बदलताना स्वामित्व-हक्काची सूचना पडद्यावरून गळाली आणि त्यामुळे तो सर्वांसाठी खुला झाला. आमच्यासारख्यांना तो फुकट पाहता येतो याचे कारण हे.

मेलेली माणसे उठून जिवंतांना खाऊ लागतात, आणि काही जण शेतावरील एका घराचा आश्रय घेतात. बेन हा तरुण दारे-खिडक्यांना फळ्या ठोकतो. बऱ्याच वेळाने कळते की, तळघरात आणखी माणसे आहेत. वरच्या किंकाळ्या त्यांनी ऐकल्या होत्या; तरी ती वर आली नव्हती. पुढे बेन जीव धोक्यात घालून बाहेर जातो आणि परत येतो तेव्हा आतला हॅरी कूपर त्याला दार उघडत नाही. बेनला लाथ मारून ते फोडावे लागते. बाहेरची प्रेते हळूहळू चालतात, त्यांची भीती थोड्या वेळाने कमी होते. आतल्या माणसाची भीती वाढत जाते.

बेनची भूमिका ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने केली आहे. ती कृष्णवर्णीय माणसासाठी म्हणून लिहिलेली नव्हती; चाचणीत तोच सर्वांत चांगला ठरला म्हणून त्याला घेतले, असे रोमेरो सांगत. चित्रपटाच्या शेवटी रात्र सरते, बेन एकटा वाचतो. सकाळी बंदूकधारी गोऱ्यांची टोळी येते, खिडकीत हालचाल दिसते, आणि ते त्याला भूत समजून गोळी घालतात. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या त्याच वर्षी, ४ एप्रिल १९६८ रोजी झाली. भुतांच्या हातून वाचलेला माणूस माणसांच्या हातून मरतो. त्यांनी त्याला नीट पाहिलेच नाही म्हणून मरतो. चित्रपट संपल्यावर बराच वेळ आम्ही दोघेही बोललो नाही.

तिसरा चित्रपट म्हणजे खुद्द 'हॅलोविन', १९७८ सालचा. दिग्दर्शक जॉन कारपेंटर. डेब्रा हिल या निर्मात्या व सहलेखिका. खर्च सुमारे तीन लाख डॉलर. गोष्ट इलिनॉय राज्यातील काल्पनिक गावी शरद ऋतूत घडते, चित्रण मात्र कॅलिफोर्नियात वसंत ऋतूत झाले. त्यामुळे पिवळी पाने रंगवून रस्त्यावर पसरावी लागली आणि प्रसंग झाला की पुन्हा गोळा करावी लागली. खुनी मायकेल मायर्सचा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक' मालिकेतील कॅप्टन कर्कचा दोन डॉलरच्या आतला बाजारी मुखवटा, पांढरा रंग दिलेला. संगीत कारपेंटर यांनी स्वतः दिले. पियानोवरची ती पाच मात्रांची चाल ऐकताना पाऊल अडखळल्यासारखे वाटते. रक्त तर या चित्रपटात फारच थोडे आहे. साधनांची गरिबी कल्पनेने कशी भरून काढावी, हे आपल्या स्नेहसंमेलनातील नाट्यमंडळींनी यातून जरूर शिकावे.

लॉरी ही शाळकरी मुलगी दुसऱ्याची मुले सांभाळण्यासाठी आली आहे. जेमी ली कर्टिस हिची ही पहिलीच चित्रपट-भूमिका. मायकेल मागे लागतो, लॉरी जखमी अवस्थेत रस्त्यावर धावत येते आणि शेजारच्या घराचे दार बडवते. घरात दिवा लागतो. कोणीतरी पडदा सरकवून पाहते. आणि दिवा मालवला जातो. दार उघडत नाही. सारा प्रसंग काही क्षणांचा आहे, पण माझ्या मते संपूर्ण चित्रपटातील सर्वांत भयंकर तोच. मुखवटा घातलेला माणूस खोटा आहे हे आपण जाणतो. तो दिवा खोटा वाटत नाही.

मला तो का खोटा वाटला नाही हे सांगायला हवे. आमच्या घरात महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. वडील गवंडीकाम करतात. त्यांच्या हातून किती घरांच्या चौकटी बसल्या असतील याची मोजदाद नाही. प्रथम वर्षाला प्रवेश मिळाला तेव्हा शहरात खोली शोधायला ते माझ्याबरोबर आले. एका घरी बाईंनी खोली दाखवली, पाण्याची वेळ सांगितली, माझे टक्के ऐकून कौतुकही केले. मग त्यांनी आडनाव विचारले. मी सांगितले. त्या आत गेल्या, आतून हलक्या आवाजात बोलणे ऐकू आले, आणि बाहेर येऊन त्या म्हणाल्या की, खोली आधीच कोणाला तरी कबूल केली आहे. दुसऱ्या घरी असेच झाले, तिसऱ्याही. तिसऱ्या घराच्या पायऱ्या उतरताना वडील एवढेच म्हणाले, "चौकट सागवानी आहे, चांगली बसवलीय." त्या दिवशी मला राग आला होता. चित्रपट पाहिल्यानंतर मात्र वाटले की, ती माणसे दुष्ट नव्हती. ती घाबरलेली होती. दिवा मालवणारा शेजारीही दुष्ट नसतो. तो घाबरलेला असतो. पण कशाला घाबरलेला? हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारलेला नसतो.

'हॅलोविन'मधील तो प्रसंग तेथेच थांबत नाही. लॉरी पुढच्या घराकडे धावते, किल्ली हरवलेली असते, ती कुंडी फेकून वरच्या खोलीत झोपलेल्या टॉमीला जागे करते. आणि तो लहान मुलगा खाली येऊन दार उघडतो. मोठ्या माणसाने न उघडलेले दार मूल उघडते. मलाही अखेर खोली मिळाली. ज्या गृहस्थांनी ती दिली त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या : भाडे वेळेवर देशील ना, आणि रात्री दहानंतर दिवा बंद करशील ना?

चौथ्या रात्री आम्ही स्वीडनमधील 'लेट द राइट वन इन' पाहिला. योन आयविदे लिंडक्विस्ट यांच्या कादंबरीवरून टोमास आल्फ्रेडसन यांनी तो २००८ मध्ये काढला. रक्तपिपासू भुताला आतून बोलावणे आल्याशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही, असा एक संकेत आहे. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतही तो येतो. या चित्रपटाच्या नावातही तोच संकेत सूचित होतो. स्टॉकहोमच्या उपनगरात, बर्फात, बारा वर्षांचा ऑस्कर राहतो. शाळेतील मुले त्याला छळतात. शेजारी राहायला आलेली एली ही तशी भूत आहे. बोलावले नाही तर काय होते, असे ऑस्कर तिला चिडवून विचारतो. ती न बोलावता आत येते, आणि तिच्या साऱ्या अंगातून रक्त वाहू लागते. घाबरून ऑस्कर तिला 'ये' म्हणतो.

आजवर मी दाराच्या आतल्या माणसाची भीती पाहिली होती. उंबरठ्यावर उभे राहिलेल्याची वेदना या चित्रपटाने दाखवली. परंतु तो भाबडा नाही. एली माणसे मारते, हे तो लपवीत नाही. दार उघडण्यात धोका असतोच. म्हणून कोणालाही डोळे मिटून आत घ्यावे, असे माझे म्हणणे नाही. निदान दाराच्या फटीतून समोरच्या माणसाचा चेहरा नीट पाहावा, एवढेच म्हणणे आहे. ऑस्कर आणि एली यांच्या घरांमध्ये एक भिंत आहे. ती दोघे तिच्यावर टकटक करून तारायंत्राच्या भाषेत बोलतात. एलिनॉरने भिंतीवरील टकटक ऐकली आणि ती उठली नाही. येथे टकटक होते आणि पलीकडून उत्तर येते.

भयपटांना हलके समजणाऱ्या माझ्या मित्रांना व गुरुजनांना माझी नम्र विनंती आहे की, येत्या ३१ ऑक्टोबरला यांतील एखादा तरी चित्रपट पाहावा. त्यातील भूत पडदा बंद करताच जाते. मागे राहतो तो प्रश्न, आणि त्याचे उत्तर आपल्याला दिवसाउजेडी द्यायचे असते. जून महिना आला की गावोगावची मुले ट्रंक घेऊन या शहरात उतरतील, वडिलांना बरोबर घेऊन दारे ठोठावतील. पुढील वर्षी आमच्या खोलीत एक जागा रिकामी होत आहे. घरमालकांना मी विचारले आहे. ते हो म्हणाले आहेत. अट तेवढीच, रात्री दहानंतर दिवा बंद.

— द्वितीय वर्ष, कला