आजव्याचे पाणी कोणाचे?



दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात एक आकडा येतो : 'आजव्याची पातळी २११ फूट'. तो वाचला की घरातली मोठी माणसे विश्वामित्रीच्या काठी राहणाऱ्या नातेवाइकांना फोन करतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर तर हा आकडा लहान मुलांनाही पाठ झाला आहे. पण हे २११ फूट म्हणजे तलावाची खोली नव्हे. ही समुद्रसपाटीपासूनची उंची आहे. आपले बडोदे समुद्रसपाटीपासून सुमारे १२८ फूट उंचीवर आहे. आता वजाबाकी करा. तलावातले पाणी आपल्या रस्त्यांपेक्षा ऐंशी फुटांहून अधिक उंचावर आहे. म्हणूनच पंप नसतानाही ते शहरापर्यंत आपल्या ओढीने येऊ शकले. आजच्या पाठातली ही सोपी गोष्ट. अवघड गोष्ट पुढे आहे.

पाणी आपली पातळी शोधते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. उंचावरचे पाणी बंद नळातून खाली आणले आणि नळाचे तोंड वर करून उघडे ठेवले, की पाणी उसळते. हेच कारंजे. आजव्याच्या बागेतील रंगीत कारंजी विजेवर उडतात, पण पुण्याच्या शनिवारवाड्यातील हजारी कारंजे पेशवाईत विजेशिवाय उडत असे. त्यासाठी पाणी आणले होते कात्रजहून. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजला तलाव बांधले गेले आणि तेथून शहरापर्यंत जमिनीखालून चुनेगच्ची नळ आणला गेला. माणूस आत शिरू शकेल एवढा तो मोठा होता. पाणी वाड्यात तर गेलेच, शिवाय पेठापेठांत बांधलेल्या हौदांतही पडू लागले. काळा हौद, फडके हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत. हौद म्हणजे त्या पेठेचे रोजचे कारंजेच म्हणा ना! शोभा नाही, पण घागर भरते.

घागर भरते हे खरे, पण कोणाची? पेठेतला हौद सार्वजनिक म्हणवला जाई, तरी ज्यांना अस्पृश्य मानले जाई त्यांना त्याला हात लावण्याची मुभा नव्हती. कोणी वरून ओतील तेव्हा पाणी मिळायचे, नाहीतर ताटकळत उभे राहायचे. १८६८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यातील आपल्या घरचा हौद या लोकांसाठी खुला केला. इथे एक बारकावा लक्षात घ्या. जो हौद सर्वांचा म्हणवत होता तो सर्वांचा नव्हता, आणि जो एका घरचा खाजगी होता तोच खऱ्या अर्थाने सार्वजनिक झाला.

आता परत बडोद्यात येऊ. आजव्याच्या आधी आपल्या शहराची तहान विहिरी, वाव आणि तलाव भागवीत. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातली नवलखी वाव १४०५ सालची आहे. शहराच्या मधोमध सुरसागर आहेच. पण वाढत्या शहराला हे पुरेना. श्रीमंत महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्याकडे १८८१ च्या अखेरीस राज्याची पूर्ण सूत्रे आली आणि त्यांनी हाती घेतलेल्या मोठ्या कामांत पाणीपुरवठ्याचे काम होते. शहराच्या पूर्वेला सुमारे वीस किलोमीटरवर आजवा येथे मातीचे धरण बांधण्यात आले. जगन्नाथ सदाशिवजी हे या कामाचे अभियंता. १८९२ साली तलाव पूर्ण झाला. त्यालाच आपण सयाजी सरोवर म्हणतो. त्याला बासष्ट दरवाजे आहेत आणि जादा पाणी त्यांतून विश्वामित्रीकडे जाते. आज शहराचे बरेचसे पाणी महीच्या पात्रातील विहिरींतून येते, तरी पूर्व भागातल्या घरांत अजूनही आजव्याचेच पाणी निमेट्याला शुद्ध होऊन पोहोचते. एकशे तीस वर्षांपूर्वीची योजना आजही चालू आहे. हे मातीच्या धरणाबद्दल बोलत आहोत, हे विसरू नका!

नळ ही वस्तू त्या काळी सगळ्यांना सहज पटली असेल असे समजू नका. कलकत्त्यात १८७० मध्ये नळाचे पाणी आले तेव्हा सनातनी मंडळींना ते चालेल की नाही याचाच वाद झाला, कारण एकाच नळातून सर्व जातींच्या घरी तेच पाणी जाणार. शेवटी पाणी सगळे प्यायले. सोवळ्याचे नियम मात्र नळाच्या तोंडापाशी, माठापाशी, पेल्यापाशी जसेच्या तसे राहिले.

याचा कडू पुरावा आपल्याच गावात आहे. सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली तो अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला. ही गोष्ट आपण दर जयंतीला अभिमानाने सांगतो. पुढची गोष्ट सांगताना आपला आवाज खाली येतो. करारानुसार बडोदे सरकारची नोकरी करण्यासाठी डॉ. आंबेडकर सप्टेंबर १९१७ मध्ये येथे आले. शहरात राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. कचेरीत त्यांच्या मेजावर कागद दुरून टाकले जात आणि प्यायला पाणी मिळत नसे, असे त्यांच्या चरित्रात नोंदले आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक धर्मशाळेत आले आणि त्यांना जागा सोडण्यास फर्मावले. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोपर्यंतचा वेळ त्यांनी कमाटीबागेत बसून काढला. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

म्हणजे आजव्याचे पाणी शहरात येऊन पंचवीस वर्षे झाली होती. राजा उदार होता, अंत्यजांच्या मुलांसाठी त्याने १८८० च्या दशकातच शाळा काढल्या होत्या, तलाव भरलेला होता. आणि तरी राज्याच्या कचेरीत एका अधिकाऱ्याला पेलाभर पाणी मिळाले नाही. त्या काळी बडोद्याच्या कचेऱ्यांत आपली मराठी माणसे मोठ्या संख्येने होती, हेही पालकांनी मुलांपासून लपवू नये असे मला वाटते. शिष्यवृत्ती आणि तो पेला, दोन्ही एकाच तासाला शिकवायला हव्यात.

पुढचा इतिहास तुमच्या पुस्तकात आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांनी मांडला व तो मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो लोकांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. नंतर खटला चालला. तळे खाजगी आहे असा दावा होता. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दलितांच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे लागली. पुढे १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट असे शब्द स्पष्ट लिहिलेले सापडतात. एवढ्या मोठ्या ग्रंथात विहिरीचा उल्लेख कशाला, असा प्रश्न कोणाला पडला तर हा लेख पुन्हा वाचावा.

स्वाध्याय : (१) घरातील आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी पोळीत किंवा वाड्यात नळ किती होते आणि रांगेत पहिला कोण उभा राहत असे. ज्यांना रांगेत उभे राहू दिले जात नव्हते असे कोणी होते का, हेही विचारा. उत्तर मिळाले नाही तरी प्रश्न वहीत लिहा. (२) उन्हाळ्यात आपल्याकडे जागोजागी परब, म्हणजे पाणपोई, लागते. तुमच्या घराजवळच्या परबेवर पेला एकच आहे की अनेक, आणि पाणी आपण स्वतः घ्यायचे की कोणी ओतून देते, ते पाहून चार ओळी लिहा. (३) आजव्याची पातळी २१२ फूट असेल तर तळमजल्यापासून सुमारे साठ फूट उंच असलेल्या तुमच्या इमारतीच्या गच्चीवर ते पाणी पंपाशिवाय चढेल का? नळातल्या घर्षणाने थोडी उंची वाया जाते, हे गणित करताना विसरू नका.