हौदातले पाणी कोणत्या बाजूने फिरते?

धुण्याच्या हौदाला तळाशी भोक असते. त्यात बोळा कोंबलेला असतो. बोळा काढला की पाणी भोकाकडे धावते. थोड्या वेळाने तेथे भोवरा होतो आणि पाणी गरगर फिरत खाली जाते. हे तुम्ही आम्ही सर्वांनी पाहिले आहे.

पण ते फिरते कोणत्या बाजूने?

आधी दिशा ठरवून घेऊ. देवळात आपण प्रदक्षिणा घालतो, तेव्हा देव आपल्या उजव्या हाताला असतो. घड्याळाचे काटे तसेच फिरतात. या दिशेला सुलट म्हणू. हिच्या विरुद्ध ती उलट.

आता पृथ्वीकडे वळू. तिच्या मधोमध एक रेघ मानली आहे. तिला विषुववृत्त म्हणतात. रेघेच्या वर उत्तर गोलार्ध, खाली दक्षिण गोलार्ध. आपला सारा देश उत्तर गोलार्धात आहे. पुष्कळ लोक सांगतात, "उत्तरेत भोवरा उलट फिरतो आणि दक्षिणेत सुलट." शिकलेले लोकही असे सांगतात. ते कितपत खरे?

आफ्रिकेत केनिया नावाचा देश आहे. तेथे नान्युकी हे गाव या रेघेवरच वसले आहे. तेथे प्रवाशांना एक खेळ दाखवतात. भोक पाडलेले भांडे, त्यात पाणी, पाण्यावर काडी. रेघेच्या उत्तरेला काही पावले गेले की काडी एका बाजूने फिरते. दक्षिणेला काही पावले गेले की दुसऱ्या बाजूने. रेघेवर मात्र ती फिरतच नाही. लोक थक्क होतात आणि पैसे देतात.

खेळ नामी आहे, पण ती हातचलाखी आहे. पाणी जरा एका अंगाने ओतले किंवा भांडे घेऊन वळताना हिसका दिला, की पाण्याला फेर मिळतो. घरी करून पाहा. बोळा काढण्यापूर्वी पाणी हाताने सुलट ढवळा. भोवरा सुलट होईल. हौद पुन्हा भरा आणि उलट ढवळा. भोवरा उलट होईल. गाव तेच, हौद तोच!

मग सगळेच थोतांड म्हणायचे का? नाही. बैलगाडी चालली असता एका बाजूने पाहणाऱ्याला चाक सुलट फिरताना दिसते. पलीकडच्या माणसाला तेच चाक उलट दिसते. पृथ्वीचेही तसेच आहे. उत्तरेकडून पाहिले तर ती उलट फिरते, दक्षिणेकडून पाहिले तर सुलट. तिच्यासंगे पाणी आणि हवाही फिरते. फिरणारी वस्तू मध्याकडे ओढली गेली की भराभर फिरू लागते. दोरीला दगड बांधून फिरवा. दोरी बोटाला गुंडाळत गेली की काय होते, ते तुम्हांला ठाऊकच आहे.

पण हौद दोनचार मिनिटांत रिकामा होतो. मिनिटभरात पृथ्वी आपल्या एका फेऱ्याचा १४४० वा हिस्साच फिरते. एवढ्याशा फेराचे बळ ते किती? पाणी ओतताना झालेली खळबळ त्याहून कितीतरी मोठी असते.

ती खळबळ अजिबात राहू दिली नाही तर? अमेरिकेत शॅपिरो नावाच्या प्राध्यापकांनी हेच केले. त्यांचा प्रयोग १९६२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ६ फूट रुंदीचे गोल टाके घेतले. त्यात ६ इंच पाणी मुद्दाम सुलट फेर देऊन भरले. वरून झाकण घातले आणि २४ तास कोणी हात लावला नाही. मग तळाचे बारीक भोक उघडले. पहिली बारा मिनिटे काहीच फेर दिसला नाही. मग पाणी हळूहळू फिरू लागले, तेही उलट! १९६५ साली ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या संशोधकांनी आपला असाच प्रयोग प्रसिद्ध केला. सिडनी दक्षिण गोलार्धात आहे. तेथे पाणी सुलट फिरले. चिकाटी म्हणतात ती ही.

समुद्रावरच्या चक्रीवादळाला मात्र असा जपून प्रयोग लागत नाही. ते शेकडो मैल पसरलेले असते आणि कित्येक दिवस टिकते. तेवढ्यात पृथ्वीचा फेर त्यात पुरता उतरतो. म्हणून अरबी समुद्रातले आणि बंगालच्या उपसागरातले प्रत्येक चक्रीवादळ उलट फिरते. विषुववृत्ताच्या खाली, मादागास्करच्या बाजूला, ते सुलट फिरते.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचे वादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आले. असे उलट फिरणारे वादळ आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येते, तेव्हा मध्याच्या दक्षिणेकडच्या गावांना वारा समुद्राकडून झोडपतो. उत्तरेकडच्या गावांत तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो.

दर्यावर्दी लोकांचा एक जुना आडाखा यावरच बसवलेला आहे. भर समुद्रात वादळी वारा सुटला की वाऱ्याकडे पाठ करून उभे राहायचे. आपल्या समुद्रात वादळाचा मध्य डाव्या हाताला, जरासा पुढच्या अंगाला असतो. विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला गेलेल्या खलाशाने तो उजव्या हाताला धरायचा.