बचाव आणि दृष्टी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते. अलीकडे आपले सावरगाव, पलीकडे पांढुर्णा, आणि दोन्ही काठांवरून गोटमार सुरू होते. त्यातील एका लहानशा गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. दगड येताना दिसला की माणूस हात डोक्याशी नेतो. हात डोके राखतो खरा. परंतु त्याच क्षणी तो डोळ्यांच्याही आड येतो.

मनाचेही असेच आहे. आना फ्रॉइड या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९३६ साली मनाच्या बचावाच्या रीतींवर ग्रंथ लिहिला. अप्रिय गोष्ट नाकारणे आणि आपला दोष दुसऱ्याच्या ठायी पाहणे या त्यांपैकी दोन रीती होत. माणूस हे जाणूनबुजून करीत नाही. म्हणूनच आपण असत्य बोलत आहोत असे त्यास वाटत नाही. एकटा चुकला तर घरचे कोणी तरी त्यास सावध करते. संस्थेत मात्र दहाजण मिळून एकच ढाल धरतात, आणि परस्परांच्या होकाराने भ्रमास सत्याचे रूप येते.

गोटमारीत शेकडो लोक जखमी होतात. कित्येकांचे प्राणही गेले आहेत. त्यानंतर काय ऐकू येते? "आगळीक त्यांचीच", "गोफण त्यांनीच आणली". पलीकडे हीच वाक्ये काठ बदलून बोलली जातात. आपल्या जखमा आपण मोजतो, त्यांच्या मोजीत नाही.

देवळांच्या बाबतीतही हे घडले आहे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले. कित्येक धर्माभिमान्यांस तो धर्मावरील घाला वाटला. दर्शन मागणारा भक्त त्यांस शत्रू दिसला. आम्ही पुजाऱ्याच्या घरात वाढलो; त्या काळी तेथे असतो तर आम्हांसही तसेच दिसले असते, अशी भीती वाटते.

कारण आजही उत्सवाचा हिशेब कोणी विचारला की आम्ही कार्यकर्ते म्हणतो, "आमच्यावर अविश्वास?" विचारणाऱ्यास खर्च समजून घ्यावयाचा असतो, आम्हांस त्याच्या हाती दगड दिसतो. पुढील वर्षी तो गृहस्थ विचारीत नाही, वर्गणीही देत नाही. मग आम्हीच म्हणतो, लोकांची श्रद्धा उणावली!

यावर उपाय साधा आहे. उत्तर देण्यापूर्वी प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत परत म्हणावा, आणि "हे खरे असेल तर?" असे स्वतःस विचारावे. सभेतील प्रत्येक आक्षेप इतिवृत्तात लिहावा. हिशेब कोणी मागण्याआधीच देवळाच्या फळ्यावर लावावा. आणि येत्या पोळ्यानंतर जखमींची यादी करावयाची झाल्यास दोन्ही काठांची नावे एकाच कागदावर लिहावीत. तो कागद वाचताना हात डोळ्यांआड येणार नाही, एवढे आपण जपू या.