व्हील स्पेसर घ्यावेत की नवी चाके? अमेरिकेतल्या ऑफ-रोड गाडीसाठी खर्चाचा हिशेब

जीप रँग्लर उंच करून घेतली, 35 इंची टायर चढवले, यूटामधल्या मोआबच्या लाल खडकांवर जायचे ठरले. मग लक्षात येते की स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर आतून घासतो. अशा वेळी हमखास सल्ला मिळतो, ‘स्पेसर टाका, शे-दीडशे डॉलरचे काम आहे.’ ते खरेच तेवढ्यात होते का, हे पैसे देण्याआधी पाहू.

चकती करते काय?

हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी अ‍ॅल्युमिनियमची चकती म्हणजे स्पेसर. पहिला प्रकार नुसता सरकवायचा, काही मिलिमीटर जाडीचा. तो मूळ स्टडवरच बसतो, त्यामुळे चकती जितकी जाड तितके नटाच्या वाट्याला येणारे आटे कमी. दुसरा प्रकार बोल्ट-ऑन, साधारण सव्वा ते दोन इंच जाडीचा. तो हबवर नटांनी आवळतात आणि चाक त्याच्या स्वतःच्या स्टडवर बसते. खडकांवर जायचे तर दुसराच घ्यावा.

चाक बाहेर सरकले की टायर आतल्या कंट्रोल आर्मला किंवा स्वे बारला घासत नाही, हा खरा फायदा. मात्र वळताना तोच टायर पुढे फेंडरला किंवा बॉडी माउंटला लागू शकतो, तेही आधी मोजून पाहा. गाडीचा पाया रुंद होतो हेही खरे, पण किती? 2007 ते 2018 च्या जेके रँग्लरमध्ये डाव्या-उजव्या चाकांतले अंतर 61.9 इंच. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच वाढवले तर 64.9. म्हणजे वाढ पाच टक्क्यांहूनही कमी. तेवढ्यावर विसंबून उतारावर धाडस करू नका.

बेअरिंगपेक्षा मोठी काळजी

स्पेसरने बेअरिंग लवकर जाते, ही तक्रार नेहमी ऐकू येते. पण कमी ऑफसेटचे नवे चाक लावून टायर तेवढाच बाहेर काढला तरी बेअरिंगवर ताण तेवढाच येतो. खरा फरक नटांचा आहे. बोल्ट-ऑन स्पेसरमध्ये नटांची आणखी एक फेरी येते, आणि ती चाकामागे झाकलेली असते. चाक काढल्याशिवाय ते नट ढिले झाले की नाही, हे कळत नाही.

अंदाजे खर्च

- चांगल्या कंपनीचे बोल्ट-ऑन स्पेसर : जोडीला 100 ते 200 डॉलर, चार चाकांना 200 ते 400.
- गॅरेजची मजुरी : तासाला 100 ते 200 डॉलर, काम एक-दोन तासांचे.
- टॉर्क रेंच : 40 ते 100 डॉलर. हा खर्च टाळू नका.
- नवी अलॉय चाके : प्रत्येकी 150 ते 300 डॉलर. रँग्लरच्या मागच्या दारावरचे स्पेअर धरून पाच, म्हणजे 750 ते 1500. शिवाय टायर चढवणे आणि बॅलन्सिंग.

स्पेसर हबवरच राहतो, म्हणून जुन्या चाकांचा स्पेअर तसाच चालतो. बचत मोठी आहे, हे मान्य करायलाच हवे.

घेताना आणि बसवताना

बोल्ट पॅटर्न आणि हबचे भोक गाडीशी तंतोतंत जुळले पाहिजे. जेके आणि जेएल रँग्लरचा पॅटर्न 5×127 मिमी आहे, तर टोयोटा टकोमा आणि फोररनरचा 6×139.7. हबवर घट्ट बसणारा, म्हणजे हब-सेंट्रिक स्पेसरच मागा. हबचे मूळ स्टड स्पेसरच्या बाहेर डोकावत असतील, तर चाकाच्या मागच्या बाजूला त्यांच्यासाठी खाचा आहेत का, ते पाहा.

हबवरचा गंज ब्रशने घासून काढा. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात अशा राज्यांत हे विसरूच नका. आतले नट स्पेसर कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला आवळा, बाहेरचे गाडी कंपनीच्या. जेएल रँग्लरला तो 130 फूट-पाउंड आहे, पाचव्या पिढीच्या फोररनरला 83. इम्पॅक्ट गनवर भागवू नका. 50 ते 100 मैलांनंतर चाके काढून आतले नट तपासा, पुढे दर टायर रोटेशनला आणि प्रत्येक अवघड ट्रेलनंतर.

कायदा आणि वॉरंटी

नियम राज्यागणिक बदलतात. पेन्सिल्व्हेनियाच्या वाहन तपासणीत पाव इंचाहून जाड स्पेसर चालत नाही, म्हणजे बोल्ट-ऑन तिथे बादच. टायर फेंडरबाहेर आला तर कित्येक राज्यांत दंड होऊ शकतो. 1975 च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार केवळ बाहेरचा भाग लावला म्हणून पूर्ण वॉरंटी रद्द होत नाही. पण बिघाड स्पेसरमुळेच झाला, असे कंपनीने दाखवले तर ती दुरुस्ती तुमच्या खिशातून.

आमचे मत

गाडी घरचे लोक रोज हायवेवर चालवत असतील आणि चाके काढून पाहायला कुणाला सवड नसेल, तर थोडे थांबा, पैसे साठवा आणि योग्य ऑफसेटची चाके घ्या. स्वतः पाना हातात घेणारे असाल आणि राज्याचा नियम आड येत नसेल, तर चांगले हब-सेंट्रिक स्पेसर खुशाल लावा. मात्र मुलाबाळांना घेऊन ट्रेलवर निघण्याआधी चाके उतरवून आतले नट एकदा तपासा. त्याला लागतो जेमतेम तासभर.