गाडी तापतेय, पण रेडिएटरचा पंखा फिरत नाही? असं तपासा


रेडिएटरवाली मोटरसायकल चिखलातून, पाचटातून फिरते. पंखा बंद पडला आणि गाडी तशीच दामटली, तर इंजिन जाम होऊन मोठा खर्च बसतो.

थंड इंजिनवर पंखा फिरत नाही, तो बिघाड नव्हे. कूलंट साधारण 100 अंशांच्या आसपास तापलं की तो आपोआप सुरू होतो. तापमानाचा दिवा लागूनही पंखा बंदच असेल तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं कूलंट अंगावर उडतं.

गाडी पूर्ण थंड झाल्यावर, चावी बंद ठेवून:

1. कूलंट: टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असेल तर सेन्सरला तापमान नीट कळत नाही. बोअरचं पाणी घालू नका, आत क्षार धरतो.

2. पातं: बोटाने हळू फिरवा. अडलं तर चिखल, पाचट काढा. जाळी हलक्या पाण्याने धुवा, प्रेशरने वाकते.

3. फ्यूज: उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. पुन्हा उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. फ्यूजऐवजी तार घालू नका, वायरिंग जळतं.

4. मोटर: पंख्याचा कपलर सोडवा. फ्यूज लावलेल्या वायरने 12 व्होल्टच्या बॅटरीवरून पंख्याला थेट करंट द्या. प्लस-मायनस उलटं करू नका. फिरला तर मोटर चांगली, दोष रिले, सेन्सर किंवा वायरिंगमध्ये. नाही फिरला तर मोटर गेली.

एवढं पाहून मेकॅनिककडे जा, म्हणजे चांगला पंखा उगाच बदलला जाणार नाही.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी