हिवाळ्यातील भरीत

मुलांनो, भुसावळजवळचे दीपनगर वीज केंद्रासाठी प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात त्या परिसरातील खेड्यांत जा. तुम्हांला भरिताचा खमंग वास येईल.

मोठी, हिरवी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. ती लाकडी भांड्यात मुसळाने ठेचतात. त्यात हिरवी मिरची, लसूण व कांद्याची पात घालतात. जोडीला ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी असते. जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

शेतकऱ्याचा गौरव झाला. पण भांडे सुतार घडवतो, भाकरीची टोपली बुरूड विणतो. घरोघरी प्लास्टिकची टोपली आली, की बुरडाचे काम बुडते. म्हणून भरीत खाताना त्यांनाही आठवा. बांबूची एक टोपली अवश्य विकत घ्या.