रुंद चाके, बर्फ आणि टायरची निवड

टायर म्हटले की आपल्याला फक्त पंक्चरवाला आठवतो. पण माझा मावसभाऊ मॉन्ट्रियलला असतो. त्याच्या गाडीला १८ इंची रुंद चाके आहेत. "तू मेकॅनिकलला ना? मग बाराही महिने चालणारा, बर्फातही पकड घेणारा टायर सांग," असे त्याने विचारले आणि मी अभ्यासाला बसलो. आपल्यापैकी बरेच जण एमएससाठी तिकडे जातील, म्हणून हा लेख.

पहिला मुद्दा रबराचा. थंडीत होस्टेलवरचे खोबरेल तेल कसे बाटलीतून निघत नाही? तसेच उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागते आणि पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. शिवाय त्याच्या ट्रेडवर बारीक चिरा असतात, त्यांना साइप म्हणतात. साइप आणि खाचांमध्ये बर्फ दाबून भरतो. बर्फाला बर्फ चिकटतो, त्यामुळे पकड वाढते.

दुसरा मुद्दा नावाचा. 'ऑल-सीझन' आणि 'ऑल-वेदर' ऐकायला सारखेच, पण फरक मोठा आहे. ऑल-सीझनवर बहुधा नुसते 'एम प्लस एस' लिहिलेले असते. ते ट्रेडच्या रचनेवरून मिळते, त्यासाठी बर्फावरची चाचणी लागत नाही. ऑल-वेदरवर मात्र तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असे चिन्ह असते. ते चाचणीत पास झाल्यावरच मिळते. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हे चिन्ह असलेले टायर कायद्याने सक्तीचे आहेत. जर्मनीतही १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसते एम प्लस एस हिवाळी टायर म्हणून चालत नाही. मात्र अमेरिकन पद्धतीची चाचणी दाबलेल्या बर्फावर वेग घेतानाची पकड मोजते. काचेसारख्या आइसवर ब्रेक मारल्यावर काय होईल, हे त्यातून कळत नाही.

आता रुंदीचे गणित. १४०० किलोच्या गाडीत एका चाकावर ३५० किलो, म्हणजे सुमारे ३४३० न्यूटन भार येतो. हवेचा दाब २३० किलोपास्कल धरला तर जमिनीला टेकणारा भाग अंदाजे १५० चौ. सेंमी. टायर रुंद केला तरी हे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही, फक्त आकार बदलतो. १६ सेंमी रुंदीला लांबी साधारण ९.४ सेंमी, तर २० सेंमी रुंदीला ७.५ सेंमी. म्हणजे रुंद टायरला समोरचा जास्त बर्फ बाजूला सारावा लागतो. ताज्या, भुसभुशीत बर्फात म्हणूनच अरुंद टायर बरा.

मग रुंद रिमवर अरुंद टायर बसवावा का? नाही! प्रत्येक मापाला रिमच्या रुंदीची मर्यादा असते. २२५/४० आर १८ ला ती ७.५ ते ९ इंच आहे. खरा उपाय म्हणजे हिवाळ्यासाठी लहान रिम. २०५/५५ आर १६ चा बाहेरचा व्यास ६३२ मिमी, तर २२५/४० आर १८ चा ६३७ मिमी. फरक एक टक्क्याहून कमी, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. फक्त ब्रेकचे कॅलिपर १६ इंची रिममध्ये मावते का आणि गाडीच्या कंपनीने ते माप मान्य केले आहे का, हे आधी बघावे.

१८ इंचीच ठेवायची असेल तर हे पाहा:

१) डोंगर-हिमकणाचे चिन्ह हवेच.
२) लोड इंडेक्स कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी नको.
३) चारही टायर सारखे घ्या. फक्त पुढे चांगले टायर लावले तर वळणावर गाडीची मागची बाजू घसरते.
४) ट्रेड ४ मिमीच्या खाली गेला की बर्फात भरवसा नाही. ऑस्ट्रियात तर त्याखालचा रेडियल टायर हिवाळी म्हणून धरतच नाहीत.

आणि फोर-व्हील ड्राइव्ह आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती गाडी पुढे न्यायला मदत करते, थांबवायला नाही. थांबवायचे काम शेवटी त्या तळहाताएवढ्या चार रबरी तुकड्यांचेच!